जबडा कुठल्या गावाला न्यायचा

“ज्या डॉक्टरकडं जायला बस लागत न्हाई, तो डॉक्टर न्हाई, शेजारी हाय.”

गुंडेराव सरांचं हे वाक्य ऐकलं नाही असा आजारी माणूस औरादमध्ये सापडला नसता. धडधाकट माणसांनाही ते ऐकावं लागे, कारण सर कुणी आजारी पडायची वाट बघत बसत नसत. मी औरादच्या मराठी हायस्कुलात विज्ञान शिकवायला आले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी स्टाफरूममध्ये मला विचारलं होतं, “मॅडम, तुमचे पाव्हणे कुठं कुठं हायत?” मला वाटलं, माणूस सोयरिकी जुळवत असेल. नंतर कळलं, ते माझ्या पुढच्या दुखण्यांची सोय लावून ठेवत होते.

सर भूगोल शिकवायचे. उंच, सडसडीत, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट आणि हातात बाराही महिने छत्री. आमच्या भागात पाऊस किती कमी पडतो हे वर्गात तेच शिकवत, तरी छत्री सुटली नाही. ती उघडलेली मी क्वचितच पाहिली. तिचं काम दाखवायचं होतं: फळ्यावरची नदी, मागच्या बाकावरचा झोपाळू मुलगा आणि बसस्टँडवर उभी असलेली योग्य ती गाडी. शिकवायचे मराठीत, रागवायचे कन्नडमध्ये आणि डॉक्टरांशी बोलायचे ते मात्र फक्त दख्खनीत. लातूरचे डॉक्टर मराठीच असतात, मग त्यांच्याशी ही भाषा कशाला, असं मी एकदा विचारलं. सर म्हणाले, “मराठीत सांगितलं की दुखणं साधं वाटतंय ओ मॅडम. ‘कलेजे में जलन होरई’ म्हणलं की डॉक्टर खुर्चीत पुढं सरकतोय.”

स्टाफरूमच्या भिंतीवर कर्नाटकातल्या आमच्या जिल्ह्याचा जुना नकाशा होता. आमचा तालुका त्यात अगदी वरच्या कोपऱ्यात, महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या चिमटीत. सरांच्या डोक्यात या नकाशावर माणसाचं शरीर पसरलेलं होतं. डोळा उदगीरला. कान, नाक, घसा लातूरला. पोट नांदेडला, काळीज सोलापूरला आणि हाड मोडलं तर हैदराबादला. बिदर, म्हणजे आमचं जिल्ह्याचं गाव, या शरीरात कुठेच नव्हतं. “बिदरला दाखल्याला जावं, कोर्टाला जावं. दुखणं घेऊन कामून जायचं?” असं म्हणून ते छत्री काखेत मारत आणि विषय बदलत. इतकं मोठं गाव त्यांनी कोरडंठाक कसं ठेवलं, याचं मला बरीच वर्षं नवल वाटायचं.

पण अवयवापेक्षा मोठा प्रश्न होता पाव्हण्यांचा. कुणी दुखणं घेऊन आलं की सर विचारत, “कुठं दुखायलंय?” आणि उत्तर पुरतं व्हायच्या आत, “तिकडं पाव्हणं कोण हाय?” रोगी माणसाला डॉक्टर घटकाभर बघतो, बाकी वेळ बघतात ते पाव्हणे. डबा कोण आणणार, रात्री उशाशी कोण बसणार, ऑपरेशननंतर घरी न्यायला रिक्षात कोण बसणार? डॉक्टर कितीही हुशार असला तरी त्या गावात घरचं माणूस नसेल, तर सर त्या गावाची बस दाखवत नसत. ऐकायला हे वेडगळ वाटतं. पण आमच्याकडे गावोगावी लोक असंच ठरवतात, सर फक्त ते मोठ्याने बोलत.

आमचे एक हेडमास्तर होते. त्यांच्या छातीत जळजळ व्हायची. सर्वांना ते पित्त वाटत होतं, त्यांना स्वतःलाही. सरांनी त्यांना सोलापूरच्या काळजाच्या डॉक्टरकडे धाडलं, कारण सोलापूरला हेडमास्तरांची मुलगी राहत होती. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून हेडमास्तर तिच्याशी बोलत नव्हते. डॉक्टरांनी काळीज ठणठणीत असल्याचं सांगितलं. हेडमास्तर मुलीच्या घरी आठवडाभर राहून आले, नातवाला खांद्यावर घेतलेला फोटो सगळ्यांना दाखवत सुटले, आणि जळजळ गेली ती परत आली नाही. “बघा,” सर म्हणाले, “सोलापूरचा डॉक्टर.” पित्ताची गोळी बंद केली नव्हती, हे हेडमास्तरांनी कुणाला सांगितलं नाही.

सरांचं घर बसस्टँडला लागूनच होतं. सकाळी लिंबाची काडी चघळत ते ओट्यावर उभे राहत आणि कोण कुठल्या बसमध्ये चढतंय याच्यावर नजर ठेवत. फेटा, पिशवी आणि गुंडाळलेले एक्स-रे असा माणूस दिसला की सर ओट्यावरून उतरलेच. चुकीच्या बसमध्ये बसलेल्याला खाली घेत, बरोबर बसमध्ये बसवत, खिडकीतून आत वाकून शेवटचा सल्ला देत. कंडक्टर घंटी न मारता थांबे. निवृत्त झाल्यावर तर त्यांना पूर्ण वेळ मिळाला.

त्यांच्या नकाशात दाताला जागा नव्हती. दात हा त्यांच्या मते अवयव नव्हता, ते हत्यार होतं. ते सुपारी दाताने फोडत, ऊस सोलत, सुतळीची गाठ सोडत. एका पंधरा ऑगस्टला झेंड्याच्या दोरीची गाठ काही केल्या सुटेना. पाहुणे उभे, मुलं उन्हात, हेडमास्तर घामाघूम. सर पुढे झाले, दोरी तोंडात धरली, मान एकदा झटकली आणि झेंडा फडकला. मुलांनी राष्ट्रगीताआधी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून सर हसताना जरा जास्तच हसायला लागले.

आणि अशा गावात, सरांच्या घराच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडच्या खताच्या दुकानाच्या माडीवर डॉक्टर सुवर्णाने पाटी लावली.

सुवर्णा जवळच्याच चिंताकी गावची. आमच्याच शाळेत शिकलेली, सरांच्या वर्गात बसलेली. आधी दातांची डॉक्टर झाली आणि मग पुढची काही वर्षं फक्त तोंड, जबडा आणि चेहरा यांच्या शस्त्रक्रिया शिकली. आठवडाभर ती बिदरच्या दवाखान्यात असे आणि बाजाराच्या दिवशी औरादला येऊन या माडीवर बसे. पाटी कन्नड, इंग्रजी आणि मराठी अशा तिन्ही भाषांत होती. मराठीत लिहिलं होतं, ‘मुख, जबडा व चेहरा शल्यचिकित्सक’.

सरांनी पाटी वाचली, पुन्हा वाचली आणि मला म्हणाले, “दातवाली हाय.”

“सर, दातवाली नाही. जबड्याची सर्जन आहे,” मी म्हटलं. “अपघातात चेहऱ्याची हाडं मोडली, तोंडात गाठ आली, जबडा आखडला, की हे लोक बघतात.”

“दात काढताना जबडा धरावा लागतोय, म्हणून लिवलं असंल,” सर म्हणाले. “आन ती चिंताकीची. मला ठावं हाय की. मांजरा नदी काढ म्हणलं तर खाली कृष्णेला नेऊन जोडली पोरीनं! छड्या खाल्ल्या, तवा कुठं वर वळली.”

सुवर्णा पहिल्याच बाजारादिवशी पेढे घेऊन सरांच्या पाया पडायला आली. सरांनी तोंडभर आशीर्वाद दिला, पेढा खाल्ला आणि त्याच दुपारी सुजलेला गाल घेऊन आलेल्या एका बाईला, माडीच्या जिन्यासमोरून नेत, उदगीरच्या बसमध्ये बसवून दिलं. सुवर्णा वरच्या खिडकीतून बघत होती. मला शरम वाटली. तिने मात्र हसून खिडकी लावून घेतली.

असं बरेच दिवस चाललं. मग सरांच्या कानात ठणका सुरू झाला.

उजव्या कानात, जेवताना आणि झोपताना. कान म्हणजे लातूर, आणि लातूरला त्यांची बहीण होती, त्यामुळे विचार करायचं कारणच नव्हतं. सर लातूरला जाऊन आले. डॉक्टरांनी कान आतून-बाहेरून तपासला, कान स्वच्छ आहे, दुखणं बहुतेक दाढेकडून येतंय, असं सांगितलं. सरांना ते पटलं नाही, पण बहिणीच्या घरी चार दिवस पुरणपोळी झाली होती, म्हणून लातूर फुकट गेलं असं ते म्हणाले नाहीत. पुढे दाढेसाठी उदगीरला गेले, कारण तिथे व्याही होते. तिथल्या दंतवैद्यांनी सांगितलं, नुसती दाढ काढून भागणार नाही, पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढा आणि जबड्याच्या सर्जनला दाखवा. सरांनी यातलं ‘दाढ काढून’ एवढंच ऐकलं आणि तीच काढायचा हट्ट धरला. दंतवैद्यांनी एक्स-रेशिवाय हात लावायला नकार दिला. सर परत आले ते सांगत की उदगीरचे लोक आता पहिल्यासारखे राहिले नाहीत.

गाल भरत चालला होता. आधी वाटे, पान धरलंय. मग पान नसतानाही तसाच दिसायला लागला. लिंबाची काडी बंद झाली, सुपारी बंद झाली. रुक्मिणीअक्का, म्हणजे सरांच्या बायको, तशा कमी बोलणाऱ्या. एका संध्याकाळी त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “बाई, तुमी सांगून बघा. एका बाजूनं चघळायलेत. भाकर दुधात कुस्करून दिली तर ताटावरून उठून गेले. रात्री गाल धरून बसतेत आन मला म्हणतेत, तू झोप.”

मी सरांकडे गेले. सर ओट्यावर बसले होते, समोर माडीवर सुवर्णाच्या खोलीत दिवा होता. बाजाराचाच दिवस होता तो.

“सर, रस्ता ओलांडायचाय फक्त,” मी म्हटलं.

“तेच तर न्हाई,” सर म्हणाले. बोलताना त्यांचं तोंड आता पुरतं उघडत नव्हतं. “मॅडम, जिला नदी कुणीकडं वाहती कळलं न्हाई, तिला माझ्या तोंडातली नस कळंल व्हय?”

“तेव्हा ती सातवीत होती.”

“म्या सातवीतच शिकवत होतो ना!”

हसावं की रडावं कळेना. या माणसाचा मला संताप येत होता आणि त्याच्या गालाकडे बघवत नव्हतं. गावातल्या प्रत्येकाच्या दुखण्याला त्यांनी गाव शोधून दिलं होतं. स्वतःचा जबडा मात्र त्यांना कुठल्याच गावात बसवता येत नव्हता. कान म्हणावा तर लातूरने परत पाठवला, दात म्हणावा तर उदगीरने. शेवटी त्यांनी ठरवलं, जबडा हे हाडच आहे. हाड म्हणजे हैदराबाद.

पुढचं मला अक्कांनी सांगितलं. जहिराबादच्या पुढे बस थांबली तेव्हा सरांनी फुटाणे घेतले. अक्का नको म्हणाल्या. सर म्हणाले, बसमध्ये फुटाणे खात नाही तो प्रवास कसला. एका बाजूने दोन-चार खाल्ले, बरं वाटलं, म्हणून पाचवा दुसऱ्या बाजूला घेतला. कुडकन आवाज झाला. अक्कांना वाटलं फुटाणा. सरांनी दोन्ही हातांनी तोंड धरलं आणि त्यांचे डोळे पाण्याने भरले. लग्नाला इतकी वर्षं झाली, अक्कांनी ते डोळे भरलेले पहिल्यांदा पाहिले.

हैदराबादच्या हाडांच्या डॉक्टरांनी बघितलं आणि ते म्हणाले, “चच्चा, ये हमारा काम नक्को. जबड़े का डॉक्टर अलग रहता.” त्याच इस्पितळात जबड्याचे एक ज्येष्ठ सर्जन होते. त्यांनी एक्स-रे काढला, डोक्यावरून हनुवटीखाली पट्टी बांधली, आणि भरती व्हा म्हणाले. तेव्हा पट्टीतून सरांनी अक्कांना विचारलं, “इथं पाव्हणं कोण हाय?” हैदराबादला असायच्या त्या पुतण्याची बदली झाली होती. कुणीच नव्हतं. सर्जननी कुठून आलात विचारलं. औराद म्हटल्यावर ते हसले. “औराद? अरे, बाज़ार के दिन वहीच तो बैठती हमारी सुवर्णा. मेरे हाथ के नीचे सीखी. बीदर जाओ, वो करती ऑपरेशन, मेरे से अच्छा करती.”

अक्का म्हणाल्या, “बाई, मला देवच भेटला म्हणा. पण ह्यांचं तोंड असं झालं जसं कुणी शिवी दिली.”

मग अक्कांनी कारण सांगितलं आणि कोरड्या राहिलेल्या बिदरचं कोडं मला सुटलं. बिदरला सरांचे पाव्हणे होते, चांगले भरपूर होते. बिदर ही त्यांची सासुरवाडी. लग्नात अक्कांच्या भावाने, विठ्ठलरावांनी, सुटाचं कापड आहेर केलं. शिंप्याने मापं घेतल्यावर सांगितलं की यात कोट होईल, पँट होणार नाही. मेव्हण्याने मुद्दाम कापड कमी दिलं, असं सरांनी मनात घेतलं, आणि त्या दिवसापासून बिदरला त्यांनी ना काळीज दिलं, ना कान, ना डोळा. सबंध तालुक्याचे रोगी एका पँटीपायी बिदर चुकवून जात होते, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं.

सर आणि अक्का हैदराबादहून परतले तो बाजाराचा दिवस होता. बस औरादला लागली तेव्हा समोर माडीवर दिवा होता. अक्का त्या जिन्याकडे वळल्या. सर सरळ घरात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अक्कांना घेऊन बिदरची पहिली बस धरली आणि मला बरोबर चला म्हणून खुणावलं. विज्ञानाचं कुणीतरी सोबत असावं असं त्यांना वाटलं असेल.

बिदरच्या दवाखान्यात सुवर्णा उठून उभी राहिली. पट्टी बांधलेल्या सरांना बघून तिचा चेहरा उतरला, पण तिने आधी वाकून नमस्कार केला.

“सर, काल मी औरादलाच होते की. तुमच्या घरासमोर.”

सरांनी हनुवटीखालची पट्टी सावरली. “व्हय,” ते दातांतून म्हणाले. “दिसलीस.”

तिने एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला. सरांचा सगळा जबडा त्यावर पसरलेला दिसत होता. “सर, ही अक्कलदाढ. हाडात आडवी निजलीय, कधी बाहेर आलीच न्हाई. तिच्याभवती पाण्याची पिशवी झाली आन ती वाढत वाढत हाड आतून पोकळ करत गेली. पार अंड्याच्या टरफलागत पातळ झालतं. फुटाणा न्हाई, भात खाल्ला असता तरी मोडलं असतं एक दिवस. कानात ठणकायचं ते ह्याच्यानंच.”

“काढ मग,” सर म्हणाले.

“काढती. आत धातूची पट्टी टाकून हाड जोडती. पण एक हाय.” तिने खुर्ची जवळ ओढली. “हाडातून एक नस जाती, ती पिशवीला चिकटलीय. म्या जपून सोडवणार. पण तिला दुखापत झाली तर खालचा ओठ बधिर पडंल. कायमचा. लाळ गळली तर तुमाला कळणार न्हाई, बोलताना ओठ साथ देईल न देईल. आधी सांगायला पाहिजे म्हणून सांगायली.”

मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते. घाबरलेले असे कधी पाहिले नव्हते. त्यांच्याजवळ होतं काय? छत्री आणि बोलणं. अक्कांनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

मग सर म्हणाले, “कुणीकडं जाती ती नस?”

सुवर्णाने टेबलावरचा कागद घेतला आणि पेनने जबडा काढायला लागली. “इथून मागच्या बाजूनं हाडात शिरती. आतून पुढं पुढं येती. हनुवटीजवळ आली की सरळ बाहेर पडत न्हाई. जरा मागं वळती आन मग बाहेर.” पेन थांबलं. ती मान वर न करता म्हणाली, “बिदरच्या पुढं जाऊन मांजरा वर वळती ना सर, तशी. छड्या खाल्ल्यात म्या तिच्यापायी.”

सरांनी कागद ओढून घेतला. बराच वेळ ते ती रेघ बघत राहिले, बोटाने तिच्यावरून गेले, वळणापाशी थांबले. मग पेन मागितलं आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटा बाण काढला.

“दिशा दाखवायची राहिली,” ते म्हणाले. “अर्धा मार्क गेला.”

सुवर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसायलाही लागली. ऑपरेशनची तारीख तिथेच ठरली.

ऑपरेशन नीट झालं. नस वाचली, ओठाला पहिले काही दिवस मुंग्या आल्या, मग हळूहळू स्पर्श कळायला लागला. सर रोज सकाळी लिंबाची काडी ओठाला टेकवून बघत आणि मान हलवत. हाड जुळेपर्यंत वरचे आणि खालचे दात एकमेकांना तारेने बांधून ठेवले होते. म्हणजे तोंड बंद. खाणं जे काय ते नळीने, आणि बोलणं शून्य.

बिदरला असेपर्यंत डबा आणला तो विठ्ठलरावांनी. रोज सकाळ-संध्याकाळ पातळ आंबील घेऊन ते येत, उशाशी बसत आणि बोलत. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं. सुटाचं कापड दुकानदारानेच कमी मापलं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. शेतीचं सांगितलं, पोरांचं सांगितलं, भूगोलातलं सुद्धा बरंच चुकीचं सांगितलं. सरांना आडवं बोलता येत नव्हतं. मी भेटायला गेले तेव्हा विठ्ठलराव मांजरा महाराष्ट्रात उगम पावते की कर्नाटकात यावर बोलत होते आणि सरांची छत्री पलंगाच्या दांडीवर टकटक वाजत होती. मी कधी कुणाला इतकं ऐकून घेताना पाहिलं नव्हतं, आणि सरांना तर मुळीच नाही.

घरी आल्यावर ते ओट्यावर बसत, पण बसस्टँडकडे जात नसत. तोंड बंद असताना सल्ला कसा देणार? लोक येऊन समोर उभे राहत, दुखणं सांगत, सर ऐकून घेत आणि हात जोडत. समोरच्या पाटीबद्दल त्यांनी एक खूणही केली नाही. अक्का म्हणायच्या, मनातून मानतेत बाई, पण दाखवायचे न्हाईत. मला खात्री नव्हती.

मुलगा हुबळीला नोकरीला होता. विश्रांतीसाठी त्याच्याकडे जायचं ठरलं. तारा निघून आता फक्त छोटे रबर राहिले होते, तेही तिकडे निघणार होते. सर हुबळीला गेले आणि तिकडेच, दिवाळीच्या आधी, झोपेत गेले. एकाही डॉक्टरला त्रास दिला नाही. बातमी आली तेव्हा बाजाराचा दिवस होता. सुवर्णाने माडी बंद केली आणि माझ्याकडे येऊन बसली. तो माणूस आमच्या गल्लीत आता नाही हे मला अजून नीट पटत नाही.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते हुबळीला निघायच्या दिवशी. तोही बाजाराचाच दिवस. बसस्टँडवर गर्दी, अक्का पिशव्यांजवळ उभ्या, हुबळीची गाडी लागलेली. पलीकडे लातूरची गाडी निघायच्या बेतात होती. तिच्यात गालावर पंचा बांधलेला एक माणूस चढत होता, मागे त्याची बायको, तिच्या हातात गुंडाळलेला एक्स-रे. गाल एका बाजूने चांगलाच वर आला होता.

सर दोन ढांगांत तिथे पोचले. माणूस खिडकीशी बसलाही होता. सर आत चढले, छत्रीने त्याच्या खांद्यावर टकटक केलं आणि खाली उतरायची खूण केली. बायको घाबरून ओरडली, “कोण हाय ओ ह्ये? कामून उतरवायलेत?” कंडक्टर म्हणाला, “गुंडेराव सर हायत, मावशी. उतरा म्हणलं की उतरायचं.”

खाली आल्यावर सरांनी ओठ वर करून रबरांनी बांधलेले आपले दात त्या दोघांना दाखवले. मग छत्री उचलून रस्त्यापलीकडच्या माडीकडे रोखली आणि तशीच धरून ठेवली. माणसाने पाटीकडे बघितलं, सरांच्या दातांकडे बघितलं आणि पिशवी उचलून रस्ता ओलांडायला निघाला.

सरांनी छत्रीच्या मुठीने त्याचा दंड धरला आणि मागे ओढलं. शिट्टी वाजवता येत नव्हती म्हणून हात हलवून रिक्षा बोलावली. दोघांना आत बसवलं. रिक्षावाला म्हणाला, “सर, समोरच तर हाय की! चालत जातेत.” सरांनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो गप्प बसून किक मारायला लागला. मग सरांनी छत्रीच्या टोकाने हवेत एक मोठा गोल काढला. रिक्षा बाजाराच्या चौकापर्यंत गेली, तिथून वळली, आठवडी बाजाराच्या गर्दीतून वाट काढत परत आली आणि खताच्या दुकानासमोर थांबली.

हुबळीची बस हॉर्न द्यायला लागली होती. अक्का हाका मारत होत्या. सर हलले नाहीत. तो माणूस आणि त्याची बायको रिक्षातून उतरली, पदर-पंचा सावरला, एकदा वर पाटीकडे बघितलं आणि जिना चढायला लागली. दोघं वर जाऊन दाराआड दिसेनाशी झाली, तेव्हा सरांनी छत्री काखेत मारली आणि ते आपल्या बसकडे वळले.